ताप

आमच्या घरात मी वाजवत नाही.
मी तापवतो.

सिमेंटच्या पोत्याचा कागद, बिअरच्या खोक्याचे पुठ्ठे,
कोरडं गवत मिळालं तर उत्तम.
जाळ ओंजळीएवढाच हवा, धूर कमी,
आणि न्गोमा आडवा धरून त्याचं तोंड
इतकंच जवळ न्यायचं
की हरणाच्या कातड्याला वणवा आठवावा
पण पळून जावंसं वाटू नये.
मग बोटाने टिचकी.
'ढप्प' म्हणाला तर अजून झोपेत आहे.
'टण्ण' म्हणाला की द्यायचा न्सिम्बाच्या मांडीत.

न्सिम्बा आणि न्झुझी जुळे.
जुळ्यांच्या पाठीवर येतो तो न्लांडू,
आमच्याकडे हे नाव ठेवत नाहीत, ते ठरलेलंच असतं:
मागून येणारा.
मी मागूनच आलो, आणि तिसऱ्या वर्षी आलेला ताप
सगळ्या अंगातून नुसता उतरला,
डाव्या पायातून उतरताना मात्र पाय घेऊन गेला.
म्हणून एक भाऊ वाजवतो, एक नाचतो,
आणि मला काड्यापेटी.

बाबा रेल्वेच्या वर्कशॉपात बोल्ट आवळायचे,
रात्री तेच हात न्गोमावर.
शिकवायचे एकच वाक्य, तेही शिव्यांच्या मधून:
"हाताकडे बघू नकोस, गाढवा. कमरेकडे बघ.
ढोल नाचणाऱ्याच्या कमरेत असतो,
तू फक्त तो लोकांना ऐकू येईल असं करतोस."
आता त्यांच्या उजव्या हाताला चमचा धरवत नाही.
कान शाबूत.

न्झुझी गेल्या कोरड्या ऋतूत लुआंडाला गेला,
सरहद्दीपलीकडे फरशा बसवतो.
फोनवर म्हणतो, गुडघे दुखतात,
नाचून नाही, टेकून.
तेव्हापासून न्सिम्बा वाजवतो ते बरोबर असतं.
मात्रा न् मात्रा बरोबर,
जसं कुलूप बरोबर लागतं.

त्या रात्री मतांगा होता, स्टेशनमागे,
एका सुईणीचा. अर्धं गाव तिच्या हातावर जन्मलेलं,
तेच रात्रभर तिच्यासाठी जागणार.
निळी ताडपत्री, भाड्याच्या खुर्च्या,
डीजेने आम्हाला पंधरा मिनिटं दिली,
त्याचा जनरेटर थंड होईपर्यंत.
आई कमरेचं कापड कसून उठली,
चार पावलं नाचली, बसली.
साठीची कंबर, तिचंही खरं.
न्सिम्बा रिकाम्या अंगणाकडे बघून वाजवत राहिला.

मला माकांडाच्या धाकट्या ढोलाचं कातडं सैल वाटलं.
पेटता पुठ्ठा घेऊन अंगण ओलांडायला निघालो:
उजवा पाय, मग डाव्याची वाट बघणं, मग डावा घासत,
उजवा, वाट, घास,
उजवा, वाट
आणि ढोल माझ्या पायात आला.

मी थांबलो. तो थांबला.
बोट पोळलं, मी शिवी हासडून उडी मारली,
तोही उडाला.
म्हाताऱ्या बायकांच्या रांगेतून कुणीतरी टाळी टाकली
नेमकी त्या वाट बघण्याच्या जागी,
जिथे मी आयुष्यभर फक्त तोल सांभाळला होता.
बाबा खुर्चीतून ओरडले,
"चाल! गाढवा, चाल!"

मी नाचलो असं मी म्हणणार नाही.
तीनदा गेलो, तीनदा आलो.
पुठ्ठा केव्हाच विझला होता.
सुईणीच्या मुलाने माझ्या कपाळावर
पाचशे फ्रँकची नोट चिकटवली,
घामाने ती टिकली.

पहाटे न्झुझीला फोनवर एक तुकडा पाठवला.
फरशी कापायच्या यंत्राच्या किंकाळीतून त्याचं उत्तर आलं:
हा कुठला ताल? कोण नाचतंय?

न्सिम्बाने माझ्याकडे पाहिलं.
"कोणी नाही," म्हणाला,
"न्लांडू काड्यापेटी आणायला चालला होता."
मग जरा थांबून:
"परत पाठवतो. यंत्र बंद कर.
आणि ऐकताना बसू नकोस."